नाशिकच्या हवेत मॉडेल रेल्वे: कोणत्या महिन्यात कोणतं काम काढायचं

मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ बघून शिकायला सुरुवात केली की एक गोष्ट लवकर लक्षात येते, तिकडे इंग्लंड-अमेरिकेत हिवाळा म्हणजे घरात बसून लेआउट (टेबलावर मांडलेले रूळ, गाड्या आणि आजूबाजूचा देखावा) करायचा सीझन आणि उन्हाळा आला की मंडळी बागेत. आपल्याकडे घरात अडकून पडायचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर. वेळ भरपूर असतो, बाहेर पडायचा कंटाळा असतो, आणि नेमका तेव्हाच रंग वाळत नाही, फेव्हिकॉल दोन-दोन दिवस ओला राहतो, पुठ्ठ्याची स्टेशन बिल्डिंग वाकते आणि काल नीट पळणारं इंजिन आज अडखळतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की कामं हवेप्रमाणे वाटून घ्या, हातात वेळ आहे म्हणून कुठलंही काम काढू नका. असं केलं तर बाराही महिने लेआउट पुढं सरकत राहतो आणि केलेलं काम उकलून परत करायची वेळ येत नाही.

खाली सगळं १६.५ मिमी गेजच्या, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेल्या, एचओ-ओओ स्केलला (एचओ म्हणजे खऱ्याच्या १/८७ माप) धरून लिहिलंय, ९ मिमीच्या एन स्केलवाल्यांनाही तेच लागू, फक्त तिथं रूळ छोटे म्हणून धूळ आणि गंज जास्त लवकर त्रास देतात.

आधी खोली ठरवा

नाशिकमध्ये पाऊस येतो तो पश्चिम आणि नैऋत्येकडून, त्यामुळे घराची पश्चिमेची भिंत आधी ओल धरते, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं सगळं ऊनही तीच भिंत खाते. म्हणजे दोन्ही मोसमांत मार त्याच बाजूला. लेआउटसाठी उत्तरेची किंवा पूर्वेची खोली मिळाली तर उत्तम, नाहीच मिळाली तर पश्चिमेच्या भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडून टेबल उभं करा, मागून हवा खेळली पाहिजे आणि पावसाळ्यात टॉर्च मारून भिंत बघता आली पाहिजे. गच्चीवरची पत्र्याची खोली बऱ्याच जणांना मोहात पाडते कारण घरच्यांची अडचण नाही आणि जागा मोकळी, पण बाहेर चाळीस असताना पत्र्याखाली किती होतं ते मे महिन्यात दुपारी पाच मिनिटं उभं राहून बघा आणि मग ठरवा. प्लास्टिकच्या बॉडी वाकतात, गोंद सुटतो, स्प्रेचे कॅन ५० अंशांच्या वर ठेवू नका असं त्यांच्यावरच छापलेलं असतं.

दुसरं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर घ्या आणि लेआउटच्या टेबलाखाली लावा, भिंतीवर नको. पुढचे सगळे निर्णय या मीटरवर घ्यायचेत. माझा ढोबळ हिशोब असा: आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर कुठलंही काम करा, ७० च्या वर गेली की स्प्रे पेंटिंग बंद, ८० च्या वर राहायला लागली की लेआउट झाकायचा आणि बुरशीवर लक्ष ठेवायचं. एप्रिलच्या दुपारी हेच मीटर २०-२५ दाखवतं आणि जुलैत ९० ला टेकतं, एकाच खोलीत, त्यावरून लाकडाचं काय होत असेल ते समजून घ्या.

नोव्हेंबर ते जानेवारी: जड कामं

दिवाळीनंतरचे अडीच-तीन महिने म्हणजे आपल्या छंदाचा खरा सीझन. हवा कोरडी पण फार कोरडी नाही, लाकूड मधल्या अवस्थेत असतं. सांगाडा आत्ता बांधा. पावसाळ्यात बांधला तर फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि सांधे ढिले होतात, मे महिन्यात घट्ट बसवला तर पहिल्या पावसातच दाब येतो. लाकूड लांबीच्या दिशेने जवळपास हलतच नाही, हलतं ते रुंदीत, म्हणून रुंद फळ्यांपेक्षा प्लाय बरा, आणि प्लायमध्येही बीडब्ल्यूआर किंवा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, ग्रेड मागा. एमडीएफ स्वस्त पडतो, दिसतो गुळगुळीत, पण त्याच्या कडा पाणी पितात आणि एकदा फुगल्या की परत बसत नाहीत. घ्यायचाच असेल तर कापल्या कापल्या कडांना प्रायमरचे दोन हात. प्लायलाही वरून, खालून आणि कडांना, सगळीकडून सीलर किंवा ऑइल पेंट मारा, फक्त वरची बाजू रंगवली तर खालून ओल शिरते आणि बोर्ड त्या अंगाला बाक धरतो. लेआउट दोन-तीन तुकड्यांत असेल तर जोडावर धातूच्या पिना बसवा, नुसत्या नट-बोल्टवर रूळ जुळत नाहीत.

आता रूळ, आणि इथं थोडं थांबून नीट समजून घेऊया. आपले रूळ असतात निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी त्यात नावालाही नसते. हा धातू एका मीटरमागे दर अंशाला साधारण ०.०१६ मिमी वाढतो. फ्लेक्स ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा) एक तुकडा ९१४ मिमीचा, नाशिकची जानेवारीची पहाट १० अंश धरा आणि मे महिन्याची दुपार ४० धरा, म्हणजे ३० अंशांचा फरक, म्हणजे प्रत्येक तुकडा जवळजवळ अर्धा मिमी लांब होतो. अर्धा मिमी ऐकायला काहीच नाही, पण सहा मीटरच्या सरळ लाइनीत ते तीन मिमी होतात आणि त्यांना जायला जागा नसेल तर रूळ स्लीपरमधून उचकटतो किंवा एका बाजूला फुगतो. खऱ्या रेल्वेलाही हेच झेपवावं लागतं, म्हणून तर उन्हाळ्यात भर दुपारी ट्रॅकवर हॉट वेदर पेट्रोलिंग चालतं आणि थंडीत पहाटे रूळ तडकलाय का ते बघायला कोल्ड वेदर पेट्रोलिंग.

तर थंडीत रूळ टाकताना प्रत्येक जोडात व्हिजिटिंग कार्ड घाला, कार्ड साधारण ०.३ मिमीचं असतं, पहाटेच्या गारठ्यात काम करत असाल तर दोन कार्डं, दुपारी एक पुरे, जॉइनर (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी) सरकवा, रूळ पक्का करा आणि मग कार्ड ओढून काढा. तेच काम मे महिन्यात करत असाल तर फट ठेवायची गरज नाही, टोकाला टोक भिडवा. सोल्डर फक्त वळणावरच्या जोडांना करा म्हणजे वळण एकसंध राहतं, सरळ लाइनीतले जोड मोकळे सरकू द्या, आणि वीज जॉइनरच्या भरवशावर सोडू नका, प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर वायर खालून काढा. मोकळा जोड पावसाळ्यात आतून काळा पडतो आणि मग फीडर नसलेला तुकडा मेल्यासारखा पडून राहतो.

स्प्रे पेंटिंगची वेळ ठरलेली, डिसेंबर-जानेवारीत सकाळी अकरा ते दुपारी तीन. भल्या सकाळी दव असतं, गोदाकाठच्या भागात तर धुकंसुद्धा, आणि गार बॉडीवर ओलसर हवेत लॅकर मारला की वर पांढुरकी साय धरते. कॅन आधी कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवा, उकळत्या पाण्यात अजिबात नाही, आणि बॉडी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. वॅगन, डबे, सिग्नलचे खांब, जे काही वर्षभरात रंगवायचं ते यादी करून याच दिवसांत उरकून घ्या.

स्टॅटिक ग्रास, म्हणजे मशीनने उभं करायचं नकली गवत, तेही आत्ताच. ते मशीन गवताच्या तंतूंना विद्युतभार देऊन उभं करतं आणि दमट हवेत तो भार टिकत नाही, तंतू गोळा होऊन आडवे पडतात. कोरड्या थंडीत तेच मशीन, तेच गवत, सरळ उभं राहतं. मात्र याच कोरड्या हवेत आपल्या अंगावरही स्थिर वीज साठते, तेव्हा डीसीसी (डिजिटल कंट्रोल) डिकोडरला, म्हणजे इंजिनातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, हात लावायच्या आधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करायची सवय लावा.

द्राक्षाचा सीझन: झाडं करून ठेवा

जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत घरात द्राक्षं येतातच, आणि खाऊन झाल्यावर जो घडाचा देठ उरतो तो फेकू नका. त्याच्या फांद्या अशा फुटलेल्या असतात की विकतच्या तारेच्या झाडाला ते रूप येत नाही. देठ आधी कोमट पाण्यात नीट धुवा, साखर राहिली तर मुंग्या थेट लेआउटवर येतील, मग सावलीत उलटा टांगून आठवडाभर वाळवा, उन्हात वाळवला तर ठिसूळ होतो. टोकाच्या बारीक काड्यांवर जिथं मणी तुटतो तिथं छोटी गाठ राहते, ती नेलकटरने उडवा, तेवढ्यानेच देठाचं झाड होतं. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून काढा, वाळला की करडा-तपकिरी रंग, मग रंगवलेला लाकडाचा भुसा किंवा फोमचा चुरा. मापाचं बघायचं तर दहा मीटरचं आंब्याचं झाड एचओमध्ये साडेअकरा सेंटीमीटर होतं, मोठ्या घडाचा देठ बरोबर तेवढा भरतो. खालच्या झुडपांना छोटे देठ वापरा. ज्यांच्या ओळखीत बागायतदार आहेत त्यांनी एप्रिल छाटणीच्या काड्या मागून आणा, मालगाडीत भरायला लाकडाचे ओंडके म्हणून सुंदर दिसतात.

एक इशारा, झाडाझुडपातून आणलेली कुठलीही वस्तू थेट लेआउटवर ठेवायची नाही. घट्ट पिशवीत बांधून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवली की आतले किडे-अंडी जातात. माती असेल तर जुन्या तव्यावर भाजून घ्यायची.

एप्रिल-मे: घाट बघा, दगड करा, खडी टाका

उन्हाळ्यात वेळ दोन तुकड्यांत मिळतो, सकाळी दहापर्यंत आणि रात्री जेवणानंतर. दुपारी रंगाचं काम काढू नका, अॅक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो आणि स्प्रेचे कण हवेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. पण जिथं पाणी आटवायचं असतं तिथं हेच ऊन सोन्यासारखं, म्हणजे प्लास्टर आणि बॅलास्ट (रुळांतली खडी).

त्याआधी एकदा कसारा घाट बघून या. नाशिक रोडवरून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, खिडकीची जागा घ्या आणि इगतपुरी ते कसारा डोळे उघडे ठेवा. १ इन ३७ चा चढ आहे, म्हणून मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती इगतपुरीला सुटतात. मॉडेलमध्ये हा चढ मीटरला २.७ सेंटीमीटर, म्हणजे तीन मीटरमध्ये लाइन आठ सेंटीमीटर चढते, एका लाइनीवरून दुसरी नेता येते, आणि लांब गाडीला तुम्हालाही मागून इंजिन लावावं लागतं, ती मजा काही औरच.

उन्हाळ्यात घाट बघायचं कारण असं की गवत वाळलेलं असतं, पानं झडलेली असतात आणि कातळ उघडा दिसतो. आपला दगड बेसॉल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथा सपाट आणि पट्टे आडवे. व्हिडिओ बघून केलेले आपले बरेच लेआउट इथंच फसतात, रूळ इगतपुरीचे आणि डोंगर स्वित्झर्लंडचे, टोकदार आणि उभ्या भेगांचे. प्लास्टर ओलं असताना चाकूने आडव्या रेघा ओढा, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा मागे सरकवा, आणि दोन काळ्या थरांच्या मधे एखादी बारीक तांबडी रेघ द्या, आपल्याकडच्या कातळात ती खरोखर असते. प्लास्टर ऑफ पॅरिस ताजं आणा, कारण गेल्या पावसाळ्यातली उघडी पिशवी हवेतली ओल पिऊन बसलेली असते आणि तिचं प्लास्टर नीट पकडत नाही.

आता लेआउटचा मोसम कोणता दाखवायचा ते ठरवून टाका, कारण सगळे मोसम एका टेबलावर येत नाहीत. भाद्रपदातला घाट हवा असेल तर हिरवळ, कड्यावरून पाण्याच्या धारा, सोनकीचे पिवळे पट्टे आणि जांभळट तेरडा. शिमग्याच्या सुमाराचा हवा असेल तर सोनेरी-तपकिरी गवत, निष्पर्ण झाडं आणि त्यावर पळस, पांगारा, काटेसावरीची लाल-केशरी फुलं. पळस फुललाय आणि शेजारी धबधबा कोसळतोय असं केलं तर इथला माणूस लगेच ओळखतो. मला विचाराल तर मार्चचा घाट करा, हिरवा सगळेच करतात, आणि वाळलेल्या गवतातून निळी किंवा लाल गाडी जशी उठून दिसते तशी हिरव्यातून दिसत नाही.

बॅलास्टसाठी बांधकामावरची कच मिळते, तीच आपली खरी काळी खडी. रेल्वेची खडी जास्तीत जास्त ६५ मिमीची धरली तर एचओमध्ये ती पाऊण मिमी होते, चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. आणि इथं अतिशय महत्त्वाची पायरी, चाळलेली कच कागदावर पसरा, चांगलं ताकदीचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि अगदी जवळून दोन-तीनदा फिरवा. पिशवीला काळी लव चिकटून येईल. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, तो चुरा लेआउटवर सुटा राहिला तर इंजिनच्या मोटरचं चुंबक तो ओढून घेतं आणि गिअर खाऊन टाकतं. गोदावरीच्या वाळूलाही हेच करा. काही चिकटायचं थांबेपर्यंत फिरवत राहा. मग खडी रुळांत पसरून, बाटलीने पाण्याचा फवारा मारून, निम्मं पाणी आणि निम्मा फेव्हिकॉल, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, ड्रॉपरने सोडा. मे महिन्यात रात्री टाकलं की सकाळी दगड. पॉइंटच्या, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्याच्या, हलत्या पात्यांजवळ मात्र गोंद जाऊ देऊ नका.

याच सुट्टीत भाचे-पुतणे घरात असतात, त्यांना सकाळी गाड्या चालवायला द्या. शेतांतली आणि रस्त्यांची धूळ या दिवसांत सगळ्यात जास्त, तेव्हा खेळून झालं की जुनी सुती चादर टाकायची.

वळीव यायच्या आधी

मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, कंट्रोलरचा प्लग भिंतीतून काढायचा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसालाही हाच नियम. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचा मोह होतो, पण जुना ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोलर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुणतो आणि तापतो, नका चालवू.

इंजिनं-डबे डब्यात भरताना मूळ पॅकिंगचा जुना फोम तपासा. उष्णता आणि दमटपणाने तो चिकट होतो आणि रंगाला धरतो. बटर पेपरमध्ये गुंडाळून मग ठेवा, सोबत सिलिका जेल. नारिंगी रंगाचं घ्या, ओल पिऊन त्याचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास वेगळ्या ट्रेमध्ये तापवा, परत कामाला येतं. रिमोट आणि आवाजाच्या युनिटमधले सेल काढून ठेवा.

पावसाळा: तारा, प्लास्टिक आणि रोज थोडी गाडी

आता वेळच वेळ आहे, आणि करायची कामं ती जी ओलीला भीत नाहीत. लेआउटखालचं वायरिंग, पॉइंट मोटर, सिग्नलचे एलईडी, डिकोडर बसवणं, डिकोडरच्या सेटिंग्ज (सीव्ही) भरणं, हे सगळं या चार महिन्यांत. सोल्डरिंग खिडकीजवळ करा, धूर तोंडावर येऊ देऊ नका. बिल्डिंग करायची असेल तर स्टायरीन (प्लास्टिक) शीटची, पुठ्ठा आणि लेझर-कट एमडीएफ दिवाळीपर्यंत पिशवीतच बरे. सलग सुट्टी मिळाली तर पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून या, एवढा मोठा लेआउट चालता कसा ठेवतात ते बघण्यासारखं आहे.

गाडी मात्र रोज चालवा, दहा-पंधरा मिनिटं का होईना. चाकं फिरत राहिली तर रुळावरचा काळा थर बसायला वेळ मिळत नाही, महिनाभर बंद ठेवलेला लेआउट पुसायला रविवार जातो. पुसायला तंतू न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, वीज बंद करून आणि खिडकी उघडून, कारण ते पेट घेतं. सँडपेपर कधीही नाही, त्याच्या ओरखड्यांत मळ बसतो आणि पुढच्या वेळी दुप्पट लवकर काळं होतं. चाकंही पुसा, निम्मा मळ तिथंच असतो.

आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन टेबलाखाली जा. पांढरी बुरशी, मातीची बारीक नळी म्हणजे वाळवी, कोपऱ्यात कुंभारमाशीचं घर, कागद खाणारी कसर, जे दिसेल ते त्याच दिवशी काढा. चादर घट्ट गुंडाळू नका, खाली हवा कोंडली की बुरशी आणखी वाढते, पंखा मंद सोडून ठेवलेला चांगला.

गणपती

घरच्या गणपतीपुढं गाडी फिरवायची हौस सगळ्यांना असते आणि जरूर करा, पण मुख्य लेआउट उचलून आणू नका, त्यासाठी वेगळा बोर्ड ठेवा. ओओच्या पहिल्या त्रिज्येचं, म्हणजे ३७१ मिमीचं, वळण चार बाय तीन फुटांच्या प्लायवर आरामात बसतं, एन स्केल असेल तर दोन फूट रुंदी पुरते. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल सजावटीत चालत नाही, तेव्हा डोंगर पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि गोंदात भिजवलेल्या कापडाचे करा, पण गणपतीच्या पंधरा दिवस आधी, कारण त्या हवेत वाळायला तेवढे दिवस लागतात. रूळ मूर्तीच्या समोरून न नेता मागून आणि बाजूने न्या, दूर्वांचं पाणी, उदबत्तीची राख आणि अक्षता पुढंच पडतात. अक्षतेचा एक दाणा पॉइंटमध्ये अडकला तरी गाडी घसरते, म्हणून आरतीनंतर एकदा मऊ ब्रश फिरवायचा आणि मगच कंट्रोलर सुरू करायचा. विसर्जनानंतर चाकं आणि रूळ पुसा, एक रात्र पंख्याखाली उघडे ठेवा आणि मग खोक्यात भरा.